शल्यविशारदाचे हात, समाजाची ओंजळ

पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकीचा घाट ओलांडून साताऱ्याकडे येताना रात्री केव्हातरी एका दुचाकीला अपघात होतो. पंचविशीतील तरुणाच्या डोक्याला जबर मार बसतो. अतिदक्षता विभागात दोन दिवस डॉक्टर शर्थ करतात आणि तिसऱ्या दिवशी आईवडिलांना बाजूला घेऊन सांगतात, की मुलाच्या मेंदूचे कार्य कायमचे थांबले आहे. छाती हलते आहे ती केवळ यंत्रामुळे. त्याच दिवशी तासगाव किंवा विट्याकडच्या एखाद्या गावातील गृहिणी आठवड्यातली तिसरी फेरी करून डायलिसिससाठी सांगलीला आलेली असते. चार तास यंत्राला जोडून घ्यायचे, थकल्या अंगाने एसटीने घरी परतायचे आणि एक दिवस गेला की पुन्हा निघायचे, हा तिचा नित्यक्रम झालेला असतो. हे वर्णन कोणा एका कुटुंबाचे नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अशी घरे वाचकांनी आपल्या परिचयात पाहिलेली असतील.

या दोन घरांच्या मधोमध एक माणूस उभा असतो. तो म्हणजे पोटातील अवयवांचे प्रत्यारोपण करणारा शल्यविशारद. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड, लहान आतडे हे त्याचे कार्यक्षेत्र. त्याच्यापाशी विद्या आहे, अनुभव आहे, औषधे आणि उपकरणे आहेत. परंतु पहिल्या घरातून 'हो' हा एक शब्द आल्याखेरीज तो दुसऱ्या घरासाठी काहीही करू शकत नाही. वैद्यकातील अन्य कोणतीही शाखा समाजाच्या दातृत्वावर इतकी अवलंबून नाही. म्हणूनच या शल्यविशारदाच्या कार्याचा विचार करताना आपल्याला आपल्याच समाजाचा विचार करावा लागतो.

ही विद्या सहजी हाती येत नाही. साडेपाच वर्षांची वैद्यकीय पदवी, त्यानंतर शल्यशास्त्रातील तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, मग मूत्रविकार किंवा पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांतील आणखी तीन वर्षांचे अतिविशेष शिक्षण आणि शेवटी एखाद्या प्रत्यारोपण केंद्रात गुरूच्या हाताखाली उमेदवारी. वयाची पस्तिशी उलटेपर्यंत हा मनुष्य विद्यार्थीच असतो. ज्या वयात बरोबरीच्या मित्रांची घरे उभी राहिलेली असतात, त्या वयात तो मध्यरात्री आलेल्या दूरध्वनीवर उठून धावत असतो. कारण अवयव कोणाच्या सोयीने मिळत नाहीत. शरीराबाहेर काढून बर्फात जतन केलेले यकृत साधारण आठ ते बारा तासांत दुसऱ्या देहात बसवावे लागते. मूत्रपिंडाला थोडी अधिक सवड असते. त्यामुळे दिवाळी, घरचे लग्न किंवा मुलाची परीक्षा यांचा विचार त्याला करता येत नाही.

काम तर त्याहून अवघड. मूत्रपिंड बसवताना जुनी मूत्रपिंडे बहुधा जागीच ठेवतात आणि नवे ओटीपोटाच्या एका बाजूला बसवून तेथील रक्तवाहिन्यांशी जोडतात. यकृताचे तसे नाही. निकामी झालेले, अनेकदा दगडासारखे कठीण बनलेले यकृत आधी पूर्णपणे काढावे लागते. त्या रुग्णाच्या रक्ताची गोठण्याची शक्तीही क्षीण झालेली असते. त्यामुळे प्रत्येक टाका रक्तस्रावाशी झुंजत घालायचा. मग नव्या यकृताच्या नीला, आतड्याकडून रक्त आणणारी प्रवेशिनी नीला, बोरूच्या टोकाएवढी बारीक रोहिणी आणि शेवटी पित्तनलिका अशी एकेक जोडणी. यात दहा-बारा तास सहज जातात. शस्त्रक्रिया संपली म्हणजे काम संपले असेही नाही. शरीर परक्या अवयवाला शत्रू समजून त्याच्यावर चालून जाते. त्याला आवरणारी औषधे जन्मभर द्यावी लागतात आणि ती देताना जंतुसंसर्गाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. रुग्ण आणि शल्यविशारद यांचे नाते त्यामुळे आयुष्यभराचे होते.

या शास्त्राचा इतिहास प्रामुख्याने अपयश पचवण्याचा आहे. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसवले आणि ते कार्य करू लागले; या कामाबद्दल त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु जुळे भाऊ सर्वांना कोठून असणार? यकृताच्या बाबतीत तर सारेच अंधारात होते. अमेरिकेतील आयोवा प्रांतातल्या एका छोट्या गावी वृत्तपत्र संपादकाच्या घरी जन्मलेल्या थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे माणसातील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तस्रावाने दगावला. त्यानंतरचे काही रुग्णही फार जगले नाहीत. स्टार्झल थांबले, प्रयोगशाळेत परतले आणि १९६७ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्या वर्षीच्या एका बालिकेला वर्षाहून अधिक आयुष्य लाभले. पुढे बुरशीपासून मिळालेली सायक्लोस्पोरिन आणि जपानमधील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेले टॅक्रोलिमस ही औषधे हाती आली तेव्हा कोठे हे उपचार सर्वमान्य झाले.

स्टार्झल यांची एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे, की शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना भीती वाटत असे. आपल्या हातून रुग्णाचा विश्वासघात होईल काय, ही धास्ती त्यांना आयुष्यभर सोडून गेली नाही. जगातील सर्वांत धाडसी मानल्या गेलेल्या शल्यविशारदाचे हे मनोगत आहे. २०१७ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांनी घडवलेले शिष्य अनेक देशांत काम करीत होते. कर्तृत्वाबरोबर विनय आणि अपयशानंतरही टिकणारी निष्ठा, हे गुण आपल्याकडे कार्यकर्त्याचे म्हणून सांगितले जातात. शास्त्रज्ञाचेही ते तेच असतात.

आपल्या देशाने या वाटेवर पाऊल ठेवले ते मुंबईत. १९६५ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा देशातील पहिला प्रयत्न झाला. तो रुग्ण वाचला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याकडून मूत्रपिंड घेऊन केलेली शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला आणि मेंदूमृत्यूला भारतात प्रथमच कायदेशीर मान्यता मिळाली. हा कायदा प्रारंभीच स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब. त्यापुढची पायरी १९९७ च्या मार्चमध्ये चढली गेली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात, मूत्रविकार विभागाच्या प्रमुख डॉ. वत्सला त्रिवेदी यांनी मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण केले. कायदा कागदावरून रुग्णाच्या खाटेपर्यंत आणण्याचे हे काम सार्वजनिक रुग्णालयातील एका महिला शल्यविशारदाने केले आणि पुढे अवयववाटपाची न्याय्य व्यवस्था उभी करण्यासाठी आयुष्याची वर्षे वेचली, हे महाराष्ट्रातील किती सुशिक्षित घरांत ठाऊक आहे? १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीत यकृताचे देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. दोन वर्षांचाही न झालेल्या त्या तमिळ बालकाला वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. ते बालक पुढे स्वतः डॉक्टर झाले. ज्याला जीवदान मिळाले तोच जीवदान देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

विद्या आली, कायदा आला, केंद्रे उभी राहिली. तरीही शल्यविशारदाचे हात बहुतेक वेळा रिकामेच राहतात. ऑगस्ट २०१२ मध्ये माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख चेन्नईच्या रुग्णालयात होते. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती. देशातील नामवंत यकृत शल्यविशारद सेवेला होते; पैसा, सत्ता, विमान यांपैकी कशाचीही वाण नव्हती. वेळेत योग्य अवयव मात्र लाभला नाही आणि १४ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. राज्याच्या मुख्यमंत्रिपदी राहिलेल्या व्यक्तीला जे मिळू शकले नाही, ते जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला किंवा माण-खटावच्या शिक्षकाला कसे मिळणार?

आकडे पाहिले म्हणजे परिस्थिती अधिक स्पष्ट होते. २०१३ मध्ये देशात पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ती १८,३७८ झाली. दहा वर्षांतील ही वाढ आपल्या शल्यविशारदांच्या कौशल्याचे प्रमाणपत्रच होय. पण याच २०२३ मध्ये संपूर्ण देशात मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते केवळ १,०९९. एकट्या तेलंगणात त्यांतील २५२ होते. लोकसंख्येने तिपटीच्या आसपास असलेला आपला महाराष्ट्र दीडशेच्या आत राहिला. स्पेनसारख्या देशात दहा लाख लोकांमागे पन्नासच्या आसपास दाते असतात. भारतात हे प्रमाण एकही भरत नाही. दातृत्वाची परंपरा सांगणाऱ्या समाजाने या आकड्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

मृत्यूनंतर कोणी देत नाही, म्हणून जिवंतपणी द्यावे लागते. आपल्याकडील पाचांपैकी चारांहून अधिक प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकांच्या अवयवांवर होतात. हे देणारे कोण असतात? २०२३ मधील जिवंत दात्यांत दोन-तृतीयांशाच्या जवळपास महिला होत्या आणि अवयव मिळालेल्यांत बहुसंख्य पुरुष. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते, बहीण भावाला देते. त्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. मात्र हा त्याग नेहमी एकाच दिशेने का वाहतो, हा प्रश्न मातृशक्तीचे पूजन करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. पत्नीला मूत्रपिंडाची गरज लागली तर घरातील किती पुरुष तपासणीसाठी पुढे येतात? २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पतीला यकृताचा भाग देणारी पत्नी आणि तो पती असे दोघेही दगावले. जिवंत दात्यावरील शस्त्रक्रियेत जोखीम असते, ती कितीही अल्प असली तरी शून्य नसते, हे त्या दुर्दैवी घटनेने सर्वांना दाखवून दिले. ज्याला वेदना नाहीत आणि जोखीमही नाही, अशा मेंदूमृत दात्याचे अवयव आपण अग्नीच्या स्वाधीन करतो आणि धडधाकट गृहिणीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवतो. याला शहाणपण म्हणता येईल काय?

टंचाईच्या पोटी आणखी एक पाप जन्माला येते, ते म्हणजे अवयवांचा बाजार. २००८ मध्ये गुरगाव येथे उघडकीस आलेल्या मूत्रपिंडांच्या काळ्या व्यापाराने देशाची मान खाली गेली. त्याचा सूत्रधार मूळचा आपल्याच महाराष्ट्रातला निघाला. गरीब मजुरांना फसवून त्यांची मूत्रपिंडे धनवानांना विकली जात होती. २०१६ मध्ये मुंबईतही खोट्या नातेसंबंधांच्या कागदपत्रांचे प्रकरण गाजले. अशा मूठभर नराधमांमुळे या शाखेतील सज्जन शल्यविशारदांकडेही समाज संशयाने पाहतो. कायद्याचा बडगा हवाच. परंतु चोरबाजार टंचाईवर जगतो, हेही तितकेच खरे. दान वाढले तर बाजार आपोआप उठेल.

मग दान का होत नाही? पहिले कारण भय. 'माझ्या माणसाला वाचवण्याऐवजी हे त्याच्या अवयवांवर टपले आहेत' अशी शंका शोकाकुल कुटुंबाला येणे स्वाभाविक आहे. कायद्याने याची काळजी घेतली आहे. मेंदूमृत्यूचा निर्णय चार डॉक्टरांचे मंडळ देते, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात आणि प्रत्यारोपण करणारा शल्यविशारद त्या मंडळात असूच शकत नाही. जो अवयव बसवणार, त्याला मृत्यू ठरवण्याचा अधिकार नाही. बेशुद्धावस्थेतील रुग्ण आणि मेंदूमृत व्यक्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे; पहिला परत येऊ शकतो, दुसऱ्याला परतीची वाटच उरलेली नसते. यंत्र सुरू ठेवले तरी काही काळाने हृदयही थांबते आणि मग देण्यासारखे फारच थोडे शिल्लक राहते.

दुसरे कारण देहाविषयीच्या कल्पना. 'अवयव काढले तर पुढच्या जन्मी तो व्यंग घेऊन जन्मेल' असे सांगणारे आजही भेटतात. ज्या धर्माने देह हे जीर्ण वस्त्र आहे असे शिकवले, त्याच्या अनुयायांनी टाकून दिलेल्या वस्त्राची अशी चिंता करावी, हे आश्चर्यच. शस्त्रक्रियेनंतर देह नीट शिवून सन्मानाने कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो. त्याला स्नान घालता येते, अंत्यदर्शन घेता येते, अग्निसंस्कार यथाविधी होतात. यासाठी लागणारा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. अपघाताच्या प्रकरणांत पोलिसी सोपस्कार आणि शवविच्छेदन यांमुळे विलंब होतो ही तक्रार खरी होती. २०२१ पासून अवयवदानाच्या प्रसंगी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची मुभा देण्यात आली आहे.

तिसरे कारण अज्ञान, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांतही आहे. देहदान आणि अवयवदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी किंवा रुग्णालयात नैसर्गिक मृत्यू आल्यावर देह वैद्यकीय महाविद्यालयाला देणे म्हणजे देहदान. त्यातून विद्यार्थी शरीररचना शिकतात. यकृत, मूत्रपिंडे मात्र मेंदूमृत्यूनंतर, रक्ताभिसरण सुरू असतानाच घ्यावी लागतात. देहदानाचा अर्ज भरून निश्चिंत झालेल्या अनेकांना हे माहीत नसते. नेत्रदान तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कोठेही शक्य असते. तिन्हींचा संकल्प एकाच वेळी करता येतो. प्रसंग कोणता येईल त्यावर कोणते दान घडेल हे ठरते.

दधीचींचे नाव आपल्या व्याख्यानांत वारंवार येते. वृत्रासुराच्या वधासाठी स्वतःच्या अस्थी देणारा हा ऋषी आपल्या संस्कृतीचा मानबिंदू आहे. परंतु नाव घेणे सोपे, अनुसरण कठीण. १९९७ मध्ये दिल्लीत 'दधीचि देहदान समिती' स्थापन झाली आणि संघपरिवारातील अनेकांनी तिच्या कार्याला हातभार लावला. मराठवाड्यातील कडोळी गावी जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे देह ठेवला आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे तो देह दिल्लीच्या 'एम्स'मध्ये विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी नेण्यात आला. त्याच्या जेमतेम चाळीस दिवस आधी कोलकात्यात ज्योती बसूंचे निधन झाले होते आणि त्यांचाही देह वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला. आयुष्यभर परस्परविरोधी विचारांची ध्वजा वाहिलेले हे दोन नेते. एकाने आत्मा मानला, दुसऱ्याने मानला नाही. पण देहाच्या अखेरच्या उपयोगाविषयी दोघांचे मत जुळले. मतभेद कितीही तीव्र असोत, सत्कर्मात स्पर्धा करावी, ही आपली शिकवण आहे. या स्पर्धेत आपण मागे पडलेलो तर नाही ना, हे तपासून पाहायला हवे.

आता सातारा आणि सांगलीकडे वळू. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. कृष्णामाई वाईपासून कऱ्हाड, औदुंबर, सांगलीपर्यंत दोहोंना जोडत वाहते. प्रतिसरकारचा लढा या भूमीने एकत्र लढला. साताऱ्यातील अपशिंगे गाव तर घरटी सैनिक देणारे म्हणून 'मिलिटरी अपशिंगे' या नावानेच ओळखले जाते. जी माती देशासाठी मुलगे देते, तिला देणे नव्याने शिकवावे लागत नाही. वैद्यकाचीही येथे मोठी परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात कर्नाटक आणि कोकणातूनही रुग्ण येत. मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या उद्योगाविषयी आमची मते जगजाहीर आहेत, ती बदलण्याचे कारण नाही. पण सात समुद्रापलीकडून आलेला एक शल्यविशारद मिरजेत आयुष्य घालवतो आणि देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपणही ख्रिस्ती संस्थेत घडते, तेव्हा श्रेय ज्याचे त्याला देऊन आपण काय केले, हे विचारणे प्रामाणिकपणाचे ठरते. आज मिरजेत १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. वैद्यक येथे रुजलेले आहे. उणीव आहे ती समाजाच्या तयारीची.

दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या कक्षेत येतात. मेंदूमृत दात्याचे अवयव कोणाला द्यायचे हे प्रतीक्षायादीनुसार तेथे ठरते. दात्याच्या वा घेणाऱ्याच्या जातीचा किंवा ओळखीचा तेथे संबंध नसतो. २०११ च्या दुरुस्तीनंतर स्वतः प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही अवयव काढून पाठवण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करता येते. म्हणजे सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील अतिदक्षता विभाग असलेली सुसज्ज रुग्णालये या साखळीत येऊ शकतात. पुण्याचे शल्यविशारद चार-पाच तासांत येथे पोहोचतात आणि पोलिसांनी वाहतूक मोकळी करून दिली की अवयव मुदतीत पुण्याला जातात. यंत्रणेची अडचण त्यामुळे आज पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. खरी अडचण आहे ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाला त्या घडीला नीट समजावणारे, धीर देणारे कोणी जवळ नसते, ही.

कार्यकर्त्यांचे स्थान नेमके येथे आहे. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठी स्वयंसेवक कमरेएवढ्या पाण्यात उतरले, हे सांगलीकरांनी पाहिले आहे. रक्तदानाचे उदाहरण तर आपल्यासमोरच आहे. दोन पिढ्यांपूर्वी रक्त दिले की अशक्तपणा येतो म्हणून लोक पळत. आज गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला गल्लोगल्ली शिबिरे भरतात आणि तरुण रांगा लावतात. हे परिवर्तन वर्षानुवर्षे घरोघर जाऊन केलेल्या संपर्कातून झाले. अवयवदानासाठीही तोच मार्ग आहे. शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनांत कुटुंब प्रबोधन, सामाजिक समरसता आणि नागरिक कर्तव्य यांचा समावेश आहे. एकाच संकल्पात या तिन्हींचा संगम झालेला क्वचितच आढळेल. ज्याच्या पंक्तीला बसायला आजोबा तयार नव्हते, त्याच्याच मुलाचे मूत्रपिंड नातवाच्या देहात धडपणे काम करू लागते, तेव्हा समरसतेवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज राहत नाही. रक्तगट जुळावा लागतो. जात विचारण्याची सोय निसर्गानेच ठेवलेली नाही.

काही गोष्टी तर उद्यापासून करता येतील. पहिली, रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात हा विषय काढावा. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने संकल्प नोंदवता येतो. परंतु अंतिम संमती कुटुंबीयांचीच घेतली जाते. त्यांना आपली इच्छा माहीत नसेल तर खिशातले कार्ड निरुपयोगी ठरते. दुसरी, प्रत्येक तालुक्यात दोन-चार कार्यकर्त्यांनी या विषयाचे रीतसर शिक्षण घ्यावे आणि रुग्णालयांतील समन्वयकांच्या संपर्कात राहावे. दुःखाच्या घडीला दडपण न आणता, केवळ माहिती देऊन बाजूला उभे राहणे, ही मोठीच साधना आहे. कुटुंबाने नकार दिला तर त्याचाही तितकाच आदर व्हावा. तिसरी, ज्या कुटुंबांनी दान दिले त्यांचा गावाने सन्मान करावा. तामिळनाडूने २०२३ पासून अवयवदात्यांना अखेरचा निरोप शासकीय इतमामात देण्याचा निर्णय केला आहे. शासन करील तेव्हा करो. ग्रामसभेला आणि शाखेला कोणी अडवलेले नाही. चौथी, प्रत्यारोपणाची वेळच येऊ नये यासाठी मधुमेह, रक्तदाब आणि मद्यपान यांवर घरोघर लक्ष ठेवावे. मूत्रपिंडे निकामी होण्याची प्रमुख कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच आहेत. ज्या रुग्णावर चाकू चालवावाच लागला नाही, त्याच्याबद्दल शल्यविशारदाला सर्वाधिक आनंद होतो.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२३ च्या मार्चमधील 'मन की बात'मध्ये अमृतसरच्या एका कुटुंबाशी संवाद साधला होता. त्या घरातील बालिका अवघ्या ३९ दिवसांची असताना गेली आणि आईवडिलांनी तिचे अवयव दान केले. त्याच सुमारास अवयव मिळण्यासाठी राज्याच्या रहिवासाची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकण्यात आली, तसेच अवयवदान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांची विशेष रजा लागू झाली. शासनाने आपली पावले टाकली आहेत. ३९ दिवसांच्या अपत्याला निरोप देताना त्या आईवडिलांनी जे धैर्य दाखवले, त्याच्या निम्मे जरी आपल्याला साधले, तरी सातारा-सांगलीतील कितीतरी घरांतले दिवे विझणार नाहीत.

आम्ही सुरुवातीला ज्या दोन घरांविषयी लिहिले, त्यांची एकमेकांशी ओळख नाही आणि कायद्याच्या गोपनीयतेमुळे ती बहुधा होणारही नाही. एकाच्या अंगणात शोक असेल. दुसऱ्याच्या अंगणात काही दिवसांनी डायलिसिसची फेरी बंद झालेली स्त्री तुळशीला पाणी घालत असेल. मध्ये रात्रभर जागलेला शल्यविशारद हात धुऊन, कोणाचे आभार न ऐकता, पुढच्या रुग्णाकडे निघून गेलेला असेल. त्याने आपली विद्या पणाला लावलेली आहे. त्याच्यासमोर समाजाची ओंजळ भरलेली असावी की रिकामी, याचा निर्णय मात्र तुम्हाआम्हाला आपापल्या घरी, आणि वेळ आहे तोवरच, करायचा आहे.